आमच्या घरचं पित्त

“उलटी होते, की तुम्ही करता?”

हा प्रश्न मला बेंगळुरूच्या हॉस्पिटलात एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विचारला. त्या मूळच्या बेळगावच्या, म्हणून मराठीत विचारू शकल्या. आदल्या दिवशी कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी ‘एनी व्हॉमिटिंग?’ एवढंच विचारलं होतं आणि मी ‘यस, जुनं पित्त आहे’ म्हणून मोकळा झालो होतो. कन्नडमध्येही पित्ताला पित्तच म्हणतात, त्यामुळे त्यांनीही मान डोलावली होती. मराठीत मात्र ‘होते’ आणि ‘करतो’ यांच्यामध्ये लपायला जागा नसते.

हाताला सलाइन होतं. छातीला चिकटवलेल्या तारा डोक्यामागच्या मॉनिटरला जोडलेल्या होत्या. माझी बायको विद्या कॉटच्या पायथ्याशी उभी होती. आई स्टुलावर बसली होती आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीत माझ्यासाठी आणलेली आवळासुपारी होती. दोघींकडे न बघता मी म्हणालो, “करतो.”

“किती दिवसांपासून?”

“दिवस नाही. लग्नाच्या आधीपासून.”

आईला नीट ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. मग ती म्हणाली, “डॉक्टर, त्याला पित्ताचाच त्रास आहे हो. ह्यांच्या घराण्यातच आहे तो. पडून गेलं की बरं वाटतं त्याला.”

“आई, पित्तानं पोटॅशियम एवढं खाली जात नाही,” डॉक्टर म्हणाल्या. आवाजात जरब नव्हती. “यांना बुलिमिया नर्व्होसा आहे. आजार आहे हा, आणि उपचार आहेत त्याला. घाबरू नका की.”

बुलिमिया म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला तिथेच समजावलं. मी माझ्या शब्दांत सांगतो. भूक लागली म्हणून नव्हे, तर आतून काहीतरी ढकलतं म्हणून माणूस ताबा सुटल्यासारखा खातो. मग वजनाच्या धास्तीने आणि शरमेने ते शरीराबाहेर काढून टाकतो. थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं. त्यानंतर स्वतःची किळस येते, त्यातून उपास सुरू होतो, आणि उपासातून पुन्हा तेच खाणं. वजन बहुतेक वेळा चारचौघांसारखंच असतं, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही.

किती खायचो, काय करायचो, वजनकाटा काय दाखवायचा, हे मी मुद्दाम लिहिणार नाही. या आजाराची माणसं असले तपशील शिकवणीसारखे वाचतात. मीही वाचायचो.

मी बेंगळुरूबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधली खोट शोधण्याचा पगार घेतो, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही अशी घरच्यांची तक्रार आहे. बाबा केंद्र सरकारच्या एका कंपनीत इंजिनियर होते, म्हणून आम्ही बेंगळुरूचे झालो. बनशंकरीत घर आहे, खाली आई-बाबा आणि वर आम्ही दोघं. चाळिशी ओलांडलेला, मिशा राखणारा, बऱ्यापैकी तापट असा मी पुरुष. बुलिमिया हा शब्द मी कुठेतरी वाचला होता, पण तो कॉलेजातल्या मुलींना होतो अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे मला तो असण्याचा प्रश्नच येत नव्हता. मला पित्त होतं.

आता या पित्ताबद्दल सांगायलाच हवं.

आमच्या घरी पित्ताला मोठा मान. बाबांना अर्धशिशी होती. रविवारी सकाळी डोकं चढलं की ते मोरीत जाऊन पित्त काढत. सगळ्या घराला आवाज यायचा आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नसे. बाबा बाहेर आले की आई हातात टॉवेल देऊन विचारायची, “पडलं ना सगळं? आता बरं वाटेल.” आणि त्यांना खरंच बरं वाटायचं. दुपारी मऊ भात खाऊन संध्याकाळी ते कॉलनीत फिरायला जायचे. म्हणजे दुसऱ्यांच्या घरी उलटी हा आजार असेल, आमच्याकडे तो उपचार होता. अर्धशिशीत उलटी झाल्यावर काही जणांना आराम पडतो, असं पुढे डॉक्टरांनीही सांगितलं. तेव्हा बाबांचं बाबांपुरतं खरं असेल. मी त्यातून शिकलो ते भलतंच.

मी लहानपणी जाड होतो. कॉलनीतली मराठी मुलं मला ढब्बू म्हणायची आणि कन्नड मुलं डुम्मा. एकाच माणसाला दोन भाषांत एकच शिवी मिळण्याचं भाग्य सगळ्यांना लाभत नाही. नोकरी लागल्यावर मी हट्टाने बारीक झालो. लोक कौतुक करायला लागले, आणि कौतुकाबरोबर ते टिकवायची धास्तीही आली.

मग मावसबहिणीचं लग्न आलं. आग्रहाच्या पंगतीत मी जेवलो, फार जेवलो, आणि घरी आल्यावर जिवाची घालमेल व्हायला लागली. मी मोरीत जाऊन पित्त काढलं. बाहेर आलो तर आई टॉवेल घेऊन उभी होती. तिने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “पडून गेलं ना? मोकळा झालास. आता स्वल्प ताक घे.” आईच्या मराठीत असे कन्नड शब्द वर्षानुवर्षं मुरलेले आहेत, स्वल्प म्हणजे थोडंसं. मी ताक घेतलं आणि शांत झोपलो. सुरुवात ही अशी झाली, आईच्या मायेने आणि घराच्या रीतीने.

त्यानंतर जे वाढत गेलं ते आधी महिन्यातून कधीतरी होतं, मग आठवड्यातून, आणि पुढे मी मोजणं सोडून दिलं. विद्या पुण्याची. लग्न करून ती इथे आली तेव्हा आईने तिला सासरच्या रीतीभातींबरोबर माझं पित्तही समजावून दिलं. कोकम कधी द्यायचं, मोरावळा कुठल्या बरणीत आहे, रात्री उशिरा जेवायला घालू नकोस. विद्याने ते सगळं मनापासून केलं.

शरीराने बरीच वर्षं तक्रार केली नाही. मग एकेक सुरू झालं. गार पाणी दातांना झोंबायला लागलं. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, आम्लाने झिजलं आहे. “ॲसिडिटी आहे का?” त्यांनीच विचारलं. मी हो म्हणालो आणि पुन्हा एकदा पित्ताच्या पांघरुणात शिरलो. कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजून गाल फुगले, तर नातेवाईक म्हणाले की लग्न मानवलंय. आवाज घोगरा झाला. पोटऱ्यांत पेटके यायचे. मधेच छातीत धडधडून एखादा ठोका चुकल्यासारखं व्हायचं, त्याचं खापर मी फिल्टर कॉफीवर फोडलं. सगळं अंगावर काढलं.

मनाचं काय झालं ते सांगणं जास्त कठीण आहे. दिवसभर डोक्यात दुसरं काही नसायचं. होसकोट्याहून परतताना एका बेकरीपाशी गाडी आपोआप थांबायची. खारा बन, दिलपसंद, केक, जे दिसेल ते घेऊन मी गाडीतच काच वर करून खायचो. आवडीचं खाणं म्हणतात ना, त्यातलं ते नव्हतं. चव कुठे लागत होती! घरी आलो की सरळ बाथरूममध्ये, नळ मोठा सोडून. बाहेर आल्यावर मी कोणावर तरी खेकसायचो, बहुतेक वेळा विद्यावर. बारशी, मुंजी, मित्रांकडची जेवणं, सगळं टाळायला लागलो. शेजारच्या अक्का रोज फाटकाशी प्रेमाने विचारायच्या, “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झालं का. बेंगळुरूत हे आपल्या ‘काय, कसं काय’ इतकंच साधं आहे. मला मात्र दर वेळी चोरी पकडल्यासारखं व्हायचं आणि मी मान खाली घालून आत पळायचो.

ज्या दिवशी पडलो त्या दिवशी सकाळपासून हातापायांना मुंग्या येत होत्या. तपासणीच्या टेबलापाशी उभा राहून मी एका मुलीला तिच्या मोजमापातली चूक दाखवत होतो, म्हणजे ओरडतच होतो. बोलता बोलता पायातलं बळ गेलं. शुद्ध होती, पण उठता येईना. सहकाऱ्यांनी गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. ईसीजी म्हणजे हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, आणि एकदम माणसांची धावपळ सुरू झाली. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलं होतं. याला हायपोकॅलेमिया म्हणतात. पोटॅशियमवर स्नायू चालतात आणि हृदय हाही स्नायूच आहे. “तुम्ही इथे पोचलात हे नशीब समजा,” कॅज्युअल्टीतले डॉक्टर हिंदीत म्हणाले. “हे हृदय झोपेतसुद्धा थांबू शकलं असतं.”

पोटॅशियम सलाइनमधून हळूहळू देतात. शिरेतून जाताना हाताची आग आग होते. शिवाय एक पातळ औषध प्यायला लागतं, त्याची चव इतकी वाईट की ते आत ठेवणं हीच एक परीक्षा. दर काही तासांनी रक्त घ्यायचे आणि आकडा यायची वाट बघायची. मी पडल्या पडल्या मॉनिटरवरची रेष बघत राहायचो. भीती वाटत होती, खरी आणि साधी मरणाची भीती. तोवर मला वाटायचं की मी माझ्या वजनावर हुकमत ठेवून आहे.

‘करतो’ म्हटल्यानंतर आई घरी गेली. विद्या स्टुलावर येऊन बसली.

“मला वाटत होतं तुझं कुठेतरी बाहेर आहे,” ती म्हणाली. “उशिरा येतोस, आल्या आल्या बाथरूममध्ये, नळ सोडून. मला वाटलं कोणाशी तरी फोनवर बोलतोस. मी बाहेर उभी राहून ऐकायचे, यू नो? नळाशिवाय काही ऐकू यायचं नाही.”

मला रडू आलं. तिने रुमाल दिला नाही.

“तुझं आजारपण मी काढेन,” ती म्हणाली. “त्याचं मला काही नाही. पण यापुढे खोटं नको. एकही. तू परत पडलास तर मी उचलेन, पण परत खोटं बोललास तर मी पुण्याला जाईन. सीरियसली सांगतेय.”

विद्या उगाच बोलणाऱ्यांतली नाही. म्हणजे मला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या, हृदय आणि हे लग्न, आणि दोन्हींसाठी एकच काम करायचं होतं. ते काम मला अजिबात येत नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. ठरलेल्या वेळी जेवायचं, मधल्या वेळचं खाणं चुकवायचं नाही, कारण उपास केला की ताबा सुटणं ठरलेलंच. जेवणानंतर मी एकटं राहायचं नाही. फ्लुओक्सेटिन नावाची गोळी सुरू केली. ती नैराश्यावर देतात आणि या आजारातही उपयोगी पडते. दर आठवड्याला कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांची गाठ हळूहळू सोडवण्याची बोलण्याची उपचारपद्धत. थांबवल्यावर काही दिवस पाय सुजतील, अंग जड वाटेल, ते पाणी आहे, चरबी नाही, घाबरून परत सुरू करू नका, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. नेमकं तसंच झालं आणि मी नेमका घाबरलो.

आईने एकच प्रश्न विचारला. “डॉक्टर, मी त्याला आग्रह करू की नको?”

“वाढा, आई. आग्रह नको, आणि पहाराही नको.”

आईला हे फार अवघड गेलं. आमच्याकडे आग्रह न करता वाढणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवणं. ती पोळी वाढायला हात पुढे करायची आणि मधेच थांबायची. एक दिवस मला म्हणाली, “मीच टॉवेल घेऊन उभी राहायचे रे.” मी तिला सांगितलं की तुझ्यामुळे मला हा आजार झालेला नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तिला ते पटलं की नाही कोणास ठाऊक. पण मोरावळ्याची बरणी तिने शेजारच्या अक्कांना देऊन टाकली. बाबा याविषयी काही बोलले नाहीत. ते रोज जेवणानंतर चप्पल घालून माझी वाट बघत उभे राहायचे, आणि आम्ही दोघं गप्पच देवळापर्यंत चालून यायचो.

मग काही महिन्यांनी मी पडलो. एका सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी इंदिरानगरच्या हॉटेलात होती. जायला नको होतं, पण बरं झाल्याची मस्ती चढली होती. खाल्लं, ताबा सुटला, आणि तिथेच हॉटेलात जाऊन उलटी करून आलो. घरी येईपर्यंत गाडीत मी काय सांगायचं ते जुळवत होतो. जेवण बाधलं, मळमळलं, सगळ्यांनाच झालं. इतक्या वर्षांच्या सरावाने ते आपोआप जुळत होतं, आणि ते विद्याला खरंही वाटलं असतं.

विद्या टीव्ही बघत होती. “कशी झाली पार्टी?” तिने विचारलं.

मी चपला न काढताच म्हणालो, “आज मी परत केलं.”

तिने टीव्ही बंद केला. तिचे डोळे भरले, पण ती चिडलेलीही होती आणि तिने ते लपवलं नाही. “थँक यू सांगितल्याबद्दल,” ती म्हणाली. “आणि मला आत्ता तुझा भयंकर राग आलाय. दोन्ही एकदम.” मग ती उठली आणि तिने ओआरएसचं पाणी करून माझ्यापुढे ठेवलं. ती पुण्याला गेली नाही.

डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं आणि मग म्हणाल्या, “परत घडणं हे आजाराचं काम. येऊन सांगणं हे तुमचं. तुमचं तुम्ही केलंत की.” त्यानंतरही दोनदा तसं घडलं. दोन्ही वेळा सांगितलं. आता बरेच महिने घडलेलं नाही, पण ‘बरा झालो’ असं लिहायची माझी हिंमत होत नाही. दातांवरचं गेलेलं आवरण परत येणार नाही. दोन दातांना टोप्या बसवल्या आहेत. पोटऱ्या दुखत नाहीत. ठोके सरळ आहेत.

हे वाचणाऱ्यांत कोणी असा असेल, तर त्याला एवढंच सांगतो. डॉक्टरांकडे जा आणि ‘होते’ म्हणू नका, ‘करतो’ म्हणा. तिथेच निम्मा आजार उघडा पडतो. ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी टाळू नका, कारण तुम्ही धडधाकट दिसत असताना आत काय चाललंय हे कोणालाच कळत नाही. पुरुष असाल तर लाजू नका. मी लाजलो, आणि त्यात मरता मरता वाचलो. आणि घरच्यांनो, तुमच्या माणसाला जेवणानंतर नेहमीच पित्त होत असेल, तर काढा देण्याआधी त्याला प्रेमाने एकदा विचारा. न ओरडता विचारा.

गेल्या रविवारची गोष्ट सांगून थांबतो. खाली आईकडे जेवायला होतो. भरली वांगी, आमटी, शेवटी दहीभात. आईने दुसऱ्यांदा वाढायला डाव उचलला, माझ्याकडे बघितलं, मी ‘हं’ म्हटलं आणि तिने वाढलं. बाबा पाण्याच्या टँकरवाल्याशी झालेलं भांडण सांगत होते. ते संपेचना, म्हणून मी दिवाणावर आडवा होऊन ऐकायला लागलो.

जाग आली तेव्हा उन्हं खाली उतरली होती. अंगावर पातळ चादर होती. विद्या दिवाणाच्या कडेला बसली होती आणि तिचे डोळे लाल होते. पलीकडून आई दबक्या आवाजात म्हणत होती, “झोपू दे की त्याला अजून स्वल्प.”

“काय झालं?” मी घाबरून विचारलं.

“काही नाही,” विद्या म्हणाली. “भांडी आवरून बाहेर आले तर तू जेवणाच्या जागी दिसला नाहीस. मी वर बाथरूमकडे पळाले. तिथेही नव्हतास. मग बाबांनी खूण केली. इथे तोंड उघडं टाकून घोरत होतास, चक्क.”

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी तिचा हात धरला. त्या हाताचे, आईच्या त्या थांबलेल्या डावाचे, बाबांच्या न बोलण्याचे आणि एक साधा प्रश्न मराठीत विचारणाऱ्या डॉक्टरबाईंचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही. लहानपणी कधी झोपलो असेन तेवढंच. त्यानंतर मी जेवून असा कधीच झोपलो नव्हतो. पोटात जेवण होतं, आणि मला झोप लागली होती.